‘फ्रेझल व्हर्ब टाळा’ हा सल्ला कायद्याच्या इंग्रजीला लावू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत इंग्रजी लेखनावर जो लेख आला त्यात फॉर्मल इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘सेट असाइड’सारखी क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं, अजिबात वापरू नका, त्याच्या जागी एका शब्दाचं वजनदार क्रियापद घाला असं सांगितलंय आणि फॉर्मल म्हणजे काय तर करारनामे, नोटिसा, कोर्टातले अर्ज असं लगेच पुढे म्हटलंय. माझं काम कायद्याच्या कागदपत्रांच्या भाषांतराचं आहे, दिवसभर डोळ्यासमोर हेच इंग्रजी असतं, आणि हा सल्ला कोणी जसाच्या तसा पाळला तर त्याचं नुकसान होईल असं मनापासून वाटलं म्हणून लिहितेय. लेखात ज्या कागदपत्रांची नावं घेतलीत नेमकी तीच फ्रेझल व्हर्बनी भरलेली असतात, आणि ती तिथे कोणाच्या आळसामुळे आलेली नाहीत, त्यातली कित्येक तर कायद्याचे पारिभाषिक शब्द आहेत, त्यांना हात लावला की अर्थच बदलतो.

लेखातलं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. नोटिशीत ‘मेस अप’ किंवा ‘फिगर आउट’ लिहू नये, यात वादच नाही. बोलण्यात आणि कथा-कादंबऱ्यांत फ्रेझल व्हर्ब जास्त आणि शोधनिबंधांत कमी, हे भाषेचे मोठाले संग्रह तपासणाऱ्या अभ्यासकांनीही दाखवून दिलंय. पण त्याच शोधनिबंधांत ‘कॅरी आउट’ आणि ‘पॉइंट आउट’ सर्रास सापडतात, म्हणजे सरसकट बंदी तिथेही नाहीच, कुठलं चालतं आणि कुठलं चालत नाही एवढाच प्रश्न.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू. धंदा विकणाऱ्या माणसाकडून खरेदीदार एक अट लिहून घेतो, की विकणाऱ्याने पुढची अमुक वर्षं तशाच प्रकारचा धंदा ‘कॅरी ऑन’ करायचा नाही. हल्ली मसुदा लिहिताना सॉफ्टवेअर शेजारी सूचना दाखवत असतं, ‘कॅरी ऑन’ हे अनौपचारिक आहे, ‘कंटिन्यू’ वापरा. नवीन माणूस ती सूचना मान्य करतो, कारण शाळेपासून त्याला हेच शिकवलेलं असतं. पण कायद्यात ‘कॅरी ऑन’चा अर्थ ‘चालू ठेवणं’ एवढाच नाही, ‘चालवणं’, ‘करणं’ असा आहे. ‘कंटिन्यू’ घातलं की अट फक्त आधीपासून चालू असलेल्या धंद्याला लागते असं म्हणायला वाव मिळतो, आणि विकणारा उद्या नव्या नावाने नवा धंदा काढून म्हणू शकतो की मी जुना कुठे चालू ठेवला, हा तर नवीन आहे. सूचना मान्य करायला एक क्लिक पुरतं, पण त्या एका क्लिकमुळे ज्या अटीसाठी खरेदीदाराने पैसे मोजले तीच पोकळ होऊ शकते. आणि हा शब्द काही एखाद्या हौशी वकिलाने घुसवलेला नाही, इंग्लंडच्या १८९० च्या भागीदारी कायद्यात भागीदारीची व्याख्याच ‘नफ्याच्या हेतूने मिळून धंदा कॅरी ऑन करणाऱ्या माणसांमधलं नातं’ अशी केलीये, आणि भारताच्या राज्यघटनेत कलम १९ (१) (जी) मध्ये व्यवसाय, व्यापार, धंदा करण्याचं जे स्वातंत्र्य दिलंय तिथेही क्रियापद ‘कॅरी ऑन’च आहे. घटनेपेक्षा फॉर्मल कागद तो कोणता?

‘स्ट्राइक’चं कुटुंब घ्या. ‘स्ट्राइक आउट’ म्हणजे पक्षकाराचं म्हणणं किंवा त्याचा काही भाग कोर्टाने रेकॉर्डमधून काढून टाकणं, इंग्लंडमध्ये १९९९ पासून लागू असलेल्या दिवाणी प्रक्रिया नियमांत त्यासाठी वेगळा नियम आहे, त्याचं नावच ते आहे. ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करणं, मग ते कंपनीचं असो (ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात कलम १००० पासून याचीच तरतूद आहे) किंवा वकिलाचं असो. आणि ‘स्ट्राइक डाउन’ म्हणजे एखादा कायदा किंवा तरतूद घटनेच्या विरुद्ध म्हणून कोर्टाने रद्द ठरवणं. क्रियापद एकच, मागचा छोटासा शब्द बदलला की एकदा कैफियत जाते, एकदा कंपनी जाते, एकदा अख्खा कायदा जातो. या तिघांना ‘डिलीट’ किंवा ‘कॅन्सल’ घालून बघा, वकील तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल की नेमकं काय झालं.

‘सेट’ची गंमत याहून मोठी आहे. करारात अटी परिशिष्टात ‘सेट आउट’ केलेल्या असतात म्हणजे मांडलेल्या असतात, माझं तुझ्याकडचं येणं तुझ्या माझ्याकडच्या येण्यातून वळतं करून घेतलं तर ते ‘सेट ऑफ’, कोर्टाने आधीचा हुकूम बाजूला सारला तर ‘सेट असाइड’, खटला सुनावणीला लावला तर ‘सेट डाउन’, आणि प्रतिवादीने बचाव उभा केला तर ‘सेट अप’. लवादाचा निवाडा ज्या मार्गाने आव्हान देऊन घालवता येतो त्यालाही बऱ्याच देशांत ‘सेटिंग असाइड’ म्हणतात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये जो आदर्श कायदा तयार केला त्याच्या कलम ३४ मध्ये हाच शब्द आहे आणि कितीतरी देशांनी आपले लवाद कायदे त्यावरून बेतले. ‘सेट ऑफ’ तर त्याहूनही जुनं, इंग्लंडमध्ये १७२९ आणि १७३५ चे कायदे ‘सेट-ऑफ’चे कायदे म्हणूनच ओळखले जातात. आणि इथे एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतेच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश काढला तेव्हा प्रस्तावनेत लिहिलं की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही पद्धत इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास हिचाच होतो. तिथे त्याने ‘सेट ऑफ’चा अर्थ सजवणं, खुलवणं असा दिलाय आणि ‘सेट आउट’चा प्रवासाला निघणं असा. म्हणजे रोजच्या भाषेत शब्दाचा अर्थ एक आणि कोर्टात त्याच वेळी दुसरा, हे तेव्हापासून चालू आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बऱ्याच नंतरचं, लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ मध्ये ते वापरलं आणि ते आपल्याला ऑक्सफर्डच्या कोशाचे हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं.

मग एका शब्दाचं क्रियापद म्हणजे भारदस्त आणि दोन शब्दांचं म्हणजे हलकं, ही समजूत आली कुठून? तर तिला इतिहास आहे. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, पुढे कोर्टाची भाषा फ्रेंच झाली आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवायची पद्धत राहिली, सामान्य माणूस मात्र इंग्रजीच बोलत राहिला. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टात युक्तिवाद इंग्रजीत करायचे, पण तो कायदा स्वतःच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवायच्या असं त्यात होतं. फ्रेंच-लॅटिन पूर्ण हटायला १७३० चा कायदा यावा लागला, तो लागू झाला १७३३ मध्ये. इतकी शतकं कायदा एका भाषेत आणि अशील दुसऱ्या भाषेत, त्यामुळे ‘टर्मिनेट’, ‘एक्झिक्यूट’, ‘रिव्होक’ अशा लॅटिन-फ्रेंच वळणाच्या क्रियापदांना कोर्टाचा मान मिळाला आणि देशी क्रियापदाला छोटा शब्द जोडून केलेली क्रियापदं स्वयंपाकघरातली ठरली. पण ठरली म्हणजे संपली नाहीत. १३६१ च्या कायद्याशी ज्याचं मूळ जोडतात तो ‘बाइंड ओव्हर’, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीवर माणसाला बांधून ठेवणं, इंग्लंडच्या कोर्टात आजही चालतो. भाड्याची जागा परत देताना ‘यील्ड अप’ करायची असते, भागीदार नसताना भागीदार असल्यासारखं भासवलं तर ते ‘होल्डिंग आउट’, आणि घटस्फोटाच्या कायद्यात लग्न ‘ब्रेक डाउन’ झालेलं असतं, ते परत जुळणार नाही इतकं, १९७३ च्या ब्रिटिश कायद्यात हेच शब्द आहेत. कंपनी मोडीत काढायची तर ‘वाइंड अप’, तेही १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यात ठाण मांडून बसलंय. तिथे ‘क्लोज’ लिहिलं तर दुकानाचं शटर ओढलं एवढंच कळतं, मालमत्ता विकणं, देणी भागवणं, उरलेलं वाटणं आणि मग कंपनी विसर्जित होणं ही सगळी प्रक्रिया त्या शब्दात येत नाही.

भारदस्तपणाचाच प्रश्न असेल तर अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा उघडून बघा. एका राष्ट्राने जगासमोर आपली बाजू मांडलेला कागद, आणि त्यात जुलमी सरकार ‘थ्रो ऑफ’ करणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे असं लिहिलंय, राजावर आरोप आहे की त्याने जगाशी असलेला आमचा व्यापार ‘कट ऑफ’ केला, आमच्या सनदा ‘टेक अवे’ केल्या, आणि अधिकाऱ्यांच्या झुंडी पाठवून आमचं जे होतं नव्हतं ते ‘ईट आउट’ केलं. त्या लोकांना लॅटिन येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. जोखड फेकून द्यायचंय तिथे फेकून देण्याचंच क्रियापद लागतं.

उलट बाजूही सांगते, कारण मी काही फ्रेझल व्हर्बची वकिली करायला बसलेले नाही. करार संपवण्याच्या बाबतीत ‘कॉल ऑफ’ किंवा ‘गेट आउट ऑफ’ खरंच चालत नाही, आणि त्याचं कारण शब्द हलका आहे हे नसून तो मोघम आहे हे आहे. ‘रिसिंड’ केलं की करार मुळापासून गेला, दोघांनाही शक्य तितकं आधीच्या जागी नेऊन ठेवायचं. ‘टर्मिनेट’ केलं की पुढची बंधनं संपली, मागचं जे देणं झालं ते कायम. ‘रिप्युडिएट’ म्हणजे एकाने आपण करार पाळणार नाही असं दाखवून देणं, त्याने करार आपोआप संपतही नाही, समोरच्याला तो संपवायचा की नाही हे ठरवता येतं. या तिन्हीला ‘कॉल ऑफ’ म्हटलं तर पैसे कोणी कोणाला द्यायचे हेच कळणार नाही, तिथे एका शब्दाचं क्रियापदच हवं.

पण लॅटिन मुळाचा शब्द म्हणजे आपोआप नेमका, असंही नाही. ‘एक्झिक्यूट’ घ्या. दस्तऐवज एक्झिक्यूट केला म्हणजे रीतसर सही-शिक्के करून तो पुरा केला, हुकूमनामा एक्झिक्यूट केला म्हणजे त्याची अंमलबजावणी केली, आणि ‘एक्झिक्यूटेड काँट्रॅक्ट’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा अर्थ असतो की करारातलं काम दोन्ही बाजूंनी करून झालं. आता ठेकेदाराने पत्रात लिहिलं की आम्ही काँट्रॅक्ट एक्झिक्यूट केलंय, तर सही केली की काम पूर्ण केलं? ‘कॅरी आउट’ लिहिलं असतं तर कोणाला शंका आली नसती, म्हणून तर बांधकामाच्या करारांत ठेकेदाराने काम ‘कॅरी आउट अँड कम्प्लीट’ करायचं असतं. तुमच्या लेखात नेमकं ‘कॅरी आउट’ काढून ‘एक्झिक्यूट’ घाला असं दिलंय, ते वाचूनच मी लिहायला बसले.

अजून एक गोष्ट लेखात यायला हवी होती ती म्हणजे छोट्या शब्दाची जागा. ‘अपहोल्ड’ आणि ‘होल्ड अप’ यात तेच दोन तुकडे आहेत, पण वरच्या कोर्टाने निकाल ‘अपहोल्ड’ केला म्हणजे कायम केला आणि ‘होल्ड अप’ केला म्हणजे अडवून ठेवला. ‘ओव्हरटेक’ आणि ‘टेक ओव्हर’ तसंच, ‘ओव्हरलुक’ आणि ‘लुक ओव्हर’ तसंच, एकात दुर्लक्ष आणि दुसऱ्यात नजर घालणं. विद्यार्थ्याला हे एकदा नीट दाखवलं की तो आयुष्यभर विसरत नाही. आणि मसुदा लिहिताना तुकडे लांब पडू द्यायचे नाहीत, ‘सेट’ एकीकडे, मग तीन ओळींचा निवाड्याचा तपशील, तारीख, लवादाचं नाव, आणि ‘असाइड’ पार शेवटी असं वाक्य मी रोज बघते, वाचणारा अर्ध्या वाटेत विसरतो की सुरुवातीला क्रियापद कोणतं होतं. ‘सेट असाइड’ एकत्र ठेवा आणि मग काय सेट असाइड करायचं ते लिहा, एवढं जरी पाळलं तरी अर्ज वाचायला सोपा होतो. ‘कम्प्लाय विथ’, ‘रिलाय ऑन’, ‘डिस्पोज ऑफ’ ही मंडळी दिसायला तशीच पण व्याकरणात वेगळी, त्यातला मागचा शब्द क्रियापदापासून सुटत नाही, ‘सेट इट असाइड’ चालतं पण ‘रिलाय इट ऑन’ चालत नाही. त्यात जास्त शिरत नाही.

बँकांच्या आणि कंपन्यांच्या करारांत तर ही क्रियापदं नामं होऊन बसलीत. कर्जाचा हप्ता उचलला की ‘ड्रॉडाउन’, दिलेला बोनस परत घेण्याची अट असेल तर ‘क्लॉबॅक’, शेअर परत विकत घेतले तर ‘बायबॅक’, मोठ्या भागधारकाने विकताना छोट्यालाही विकायला लावायची सोय म्हणजे ‘ड्रॅग अलाँग’ आणि छोट्याला त्याच भावात विकायचा हक्क म्हणजे ‘टॅग अलाँग’. यांना शिष्ट पर्याय शोधायला कोणी जात नाही, कारण पर्याय नाहीतच. उलट ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात ग्राहकाशी केलेल्या कराराच्या लेखी अटी साध्या आणि समजेल अशा भाषेत हव्यात असं म्हटलंय आणि अमेरिकेत २०१० मध्ये सरकारी लेखन साध्या भाषेत करण्याचा कायदा झाला, म्हणजे वारं कुठल्या दिशेचं आहे ते दिसतंच आहे.

आणि हे आपल्याला, मराठी वाचणाऱ्यांना, परकं वाटायचं काहीच कारण नाही. तुमच्याच कोर्टाच्या बातम्यांत याचिका ‘फेटाळून लावली’ जाते, निकाल ‘उचलून धरला’ जातो, युक्तिवाद ‘खोडून काढला’ जातो. ‘उचलणं’ वेगळं आणि ‘उचलून धरणं’ वेगळं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, आणि दोन क्रियापदं जोडली म्हणून भाषा हलकी झाली असंही आपण कधी म्हणत नाही. मग इंग्रजीच्या वेळीच ती भीती का?

याच बातम्यांबद्दल एक तक्रारही आहे, रागावू नका. कोर्टाने ‘स्ट्राइक डाउन’ केलं तरी बातमीत ‘रद्द’, ‘सेट असाइड’ केलं तरी ‘रद्द’, आणि ‘रीड डाउन’ केलं तरीही कधी कधी ‘रद्द’. ‘रीड डाउन’मध्ये तरतूद रद्द होतच नाही, ती घटनेत बसेल इतका तिचा अर्थ कोर्ट आवळून घेतं आणि तरतूद पुस्तकात राहते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या शॅख्टर निकालात ‘स्ट्राइक डाउन’, ‘रीड डाउन’ आणि ‘रीड इन’ यातलं काय कधी करायचं याची चर्चाच केलीये, ‘रीड इन’ म्हणजे कायद्यात ज्यांना वगळलं त्यांना कोर्टाने वाचून आत घेणं. कायदा गेला की राहिला हे वाचकाला कळायलाच हवं, त्यावर लोक आपले निर्णय घेतात. ‘स्ट्राइक डाउन’ला घटनाबाह्य ठरवून रद्द केलं म्हणा, ‘सेट असाइड’ला हुकूम बाजूला सारला म्हणा, ‘रीड डाउन’ला अर्थ मर्यादित केला म्हणा, मराठीत शब्द आहेत, जागा दोन शब्दांची जास्त लागेल.

माझी विनंती एवढीच की त्या लेखाला जोडून एक छोटा खुलासा छापा, की कायद्याच्या कागदात फ्रेझल व्हर्ब दिसलं तर बदलण्याआधी ते कायद्याच्या कोशात किंवा मूळ कायद्यात आहे का ते बघावं, आणि असेल तर अक्षरही हलवू नये. त्या सदरात पुढच्या वेळी ‘टाळा’ची यादी देण्याऐवजी ‘सेट’ आणि ‘स्ट्राइक’ची ही दोन कुटुंबं त्यांच्या खऱ्या वाक्यांसकट दिलीत तर कायद्याची मुलं आणि भाषांतर करणारी मुलं तो कागद कापून ठेवतील. वाक्यं निवडून द्यायला मी तयार आहे, तसं कळवा.

आपली,
एक भाषांतरकार वाचक